गोधडीचा काठ: सुरुवात कोपऱ्यापासून

पहिल्यांदा गोधडी शिवायला घेतली की सगळा जीव मधल्या तुकड्यांत जातो. काठाची आठवण शेवटी होते, आणि उरलेल्या कापडाच्या पट्ट्या चारी बाजूंना लावल्या जातात. मग तिसऱ्या बाजूला कापड संपतं, नक्षी कोपऱ्यात अर्धी तुटते आणि गोधडी जमिनीवर अंथरली की कडा पापडासारख्या वर उठतात. शिवण कितीही बारीक असली तरी हे दोष झाकले जात नाहीत, कारण ते मोजमापाचे आहेत. म्हणून काठ आधी ठरवायचा, आणि काठातही कोपरा सगळ्यात आधी.

खालचं सगळं माप एका माणसाच्या गोधडीचं आहे: तयार गोधडी ६० × ८४ इंच (५ × ७ फूट), काठ ६ इंच रुंद, मधला भाग ४८ × ७२ इंच. सुरुवातीला हेच माप घ्या. ४८ आणि ७२ या दोन्ही आकड्यांना २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने भाग जातो, त्यामुळे बहुतेक नक्ष्या न तुटता बसतात.

काय काय लागेल

- अस्तराला एक सुती सहावारी साडी
- आतल्या थरांना दोन जुनी लुगडी किंवा चादरी, विरलेली चालतील पण फाटकी नकोत
- काठासाठी गडद, मध्यम आणि फिकं अशा तीन छटांचं सुती कापड
- जाड सुती दोरा. फक्त काठाच्या धावदोऱ्यालाच साधारण १०० मीटर लागतो
- मोठ्या नेढ्याच्या लांब सुया, अंगुस्तान, मेणाचा तुकडा
- शिंप्याची टेप, लांब फूटपट्टी, शिंप्याचा खडू
- न गंजणाऱ्या टाचण्या
- चौकटीची वही आणि खोक्याचा जाड पुठ्ठा

१. कापड पारखा आणि धुवा

जुन्या साडीचं कापड उजेडाकडे धरून बघा. निऱ्यांची जागा आणि टाचेशी घासणारा खालचा काठ सगळ्यात आधी विरतो. वरचा, कमरेशी खोचलेला काठ बहुधा शाबूत असतो. काठासाठी कापड निवडताना हा फरक लक्षात ठेवा, कारण गोधडी ओढली, झटकली, दोरीवर टाकली की पहिला ताण काठावर येतो. विरलेलं कापड आतल्या थरात घाला, काठाला नको.

नवं कापड खळ निघेपर्यंत धुवा आणि मगच कापा. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, जुनं आधीच आटून गेलेलं असतं. न धुता दोन्ही शेजारी शिवली तर पहिल्याच धुण्यात नवी पट्टी आखडते आणि जुन्या कापडाला चुण्या पडतात.

लाल, मरून आणि गडद निळ्या कापडाची वेगळी परीक्षा घ्या. कापडाचा एक कोपरा भिजवा, पांढऱ्या फडक्यात दाबून तासभर ठेवा. फडक्यावर रंग उतरला तर कापड पुन्हा पुन्हा धुवा. चौथ्या-पाचव्या धुण्यालाही रंग जात असेल तर ते कापड गोधडीत घालू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो या भरवशावर पांढऱ्या तुकड्याशेजारी लाल पट्टी लावणं महागात पडतं.

रंग निवडताना आपली कोकणातली लाल माती डोळ्यांसमोर ठेवा. काठ जमिनीला लागतो, पायाशी मळतो. गडद छटा बाहेर आणि फिकी आत हे सोयीचं. तिन्ही छटा खरंच वेगळ्या दिसतात का, हे बघायला कापडं शेजारी मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन कापडं फोटोत सारखीच करडी दिसली तर नक्षी दुरून दिसणार नाही, मग एक हिरवं असो की दुसरं लाल.

२. वहीवर पाव गोधडी काढा

चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे ३ इंच धरा. मग पूर्ण गोधडी २० × २८ चौकोनांत मावते आणि काठ दोन चौकोन रुंद येतो. सगळी काढायची गरज नाही. १० × १४ चौकोनांचा एक पाव भाग काढला तरी पुरतो, त्यात एक कोपरा आणि दोन्ही बाजूंचे मध्य येतात. नक्षी कोपऱ्यात कशी वळते आणि बाजूच्या मध्यावर कशी मिळते, बघायचं ते एवढंच.

३. कोपरा ठरवा

कोपऱ्याचे तीन प्रकार आहेत.

*चौकोनी ठिगळ.* चारी कोपऱ्यांना ६ × ६ चा वेगळा चौकोन. बाजूची नक्षी चौकोनाशी येऊन थांबते, वळत नाही. नवख्या हाताला हाच प्रकार घ्या.

*पट्टीवर पट्टी.* दोन बाजूंच्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या आणि उरलेल्या दोन त्यांच्यामध्ये. साध्या एकरंगी काठाला चालतं. नक्षी असेल तर कोपऱ्यात एकीला दुसरी कापून जाते.

*तिरका सांधा.* दोन पट्ट्या कोपऱ्यात तिरप्या जुळतात, फोटोच्या चौकटीसारख्या. साडीच्या काठाला हा फार शोभतो, पण तिरका काप ताणला जातो. शिवण्याआधी कापाच्या कडेने कच्चा टाका घालून घेतला तर तो सरकत नाही.

सुंदर नक्षी दिसली की ती काठावर घ्यावीशी वाटते. घेण्याआधी तिला कोपरा आहे का ते बघा. सावंतवाडीच्या गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, किनार मोहात पाडते, पण पत्ता गोल असतो, तिथे कोपऱ्याचा प्रश्नच येत नाही. अशी नक्षी घ्यायची तर चौकोनी ठिगळाचा कोपराच घ्यावा लागेल.

४. घरं मोजा

नक्षी जितक्या अंतराने पुन्हा येते त्याला इथे एक घर म्हणू. मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना घराच्या मापाने पूर्ण भाग जायला हवा. ६ इंचाचं घर घेतलं तर ४८ मध्ये ८ आणि ७२ मध्ये १२ घरं बसतात. ५ इंचाचं घेतलं तर दोन्हीकडे तुकडा उरतो.

मधला भाग आधीच शिवून झालाय आणि माप आडवं आलंय, असं झालं तर मधला भाग उसवू नका. काठ आणि मधला भाग यांच्यामध्ये एक साधी पट्टी घाला. समजा मधला भाग ४६ × ७१ इंच भरला. ४८ × ७२ करायचं म्हटलं तर दोन बाजूंना १ इंच आणि दोन बाजूंना अर्ध्या इंचाची पट्टी लागेल. एक दुप्पट, एक निम्मी, हे लगेच डोळ्यात भरतं. त्याऐवजी ५४ × ७८ करा. आता दोन बाजूंना ४ इंचाची आणि दोन बाजूंना साडेतीन इंचाची पट्टी येते. चारामागे अर्ध्या इंचाचा फरक कुणाला दिसत नाही. गोधडी ६६ × ९० ची होईल, घरं ९ आणि १३ बसतील. अस्तर मात्र या मापाने मोठं घ्या.

५. नक्षी निवडा

*जांभ्या चिऱ्याची भिंत.* पहिल्या काठाला याहून चांगली नक्षी नाही. सगळे तुकडे सरळ, आणि नमुना घराच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा भिंतीवर समोरच असतो. चिरे दोन थरांत लावतात तेव्हा वरच्या थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर येतो. काठातही तसंच करायचं. एक चिरा तयार माप ६ × ३ इंच, असे दोन थर म्हणजे ६ इंचाचा काठ.

शिवणीसाठी चारी बाजूंना अर्धा इंच माया सोडायची, म्हणून तुकडा ७ × ४ इंचाचा कापायचा. आतल्या थरात पूर्ण चिरे, बाहेरच्या थरात दोन्ही टोकांना अर्धा चिरा (तयार ३ × ३, कापायचा ४ × ४). हिशेब असा:

- ४८ इंचाच्या एका बाजूला आत ८, बाहेर ७ पूर्ण आणि २ अर्धे
- ७२ इंचाच्या एका बाजूला आत १२, बाहेर ११ पूर्ण आणि २ अर्धे
- चारी बाजू मिळून ७६ पूर्ण, ८ अर्धे, शिवाय कोपऱ्यांचे ७ × ७ चे ४ चौकोन

सगळे चिरे एकाच रंगाचे घेऊ नका. खरा चिरा नीट बघितला तर त्यात विटकरी, पिवळसर, जांभळट अशा छटा आणि बारीक भोकं दिसतात. तीन-चार जुन्या विटकरी, तपकिरी, मातकट साड्यांचे तुकडे मिसळले की काठाला तोच पोत येतो, भोकांचं काम बारीक छापाचं कापड करतं. एकाच कापडाचे दोन चिरे शेजारी येणार नाहीत एवढं पाहा. जोडून झाल्यावर सांध्यांच्या कडेने पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा घातला की दरजा भरल्यासारखा दिसतो.

यात चूक होते ती शिवणीच्या जाडीत. शिवण अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली की एका सांध्यामागे एक सूत माप जातं. १२ चिऱ्यांच्या ओळीत ११ सांधे असतात, म्हणजे ११ सूत, जवळपास दीड इंच. शेवटचा चिरा कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दर चार चिऱ्यांनंतर ओळ मोजा. चार चिरे जोडल्यावर कच्च्या कडांसह २५ इंच भरायला हवेत.

*माशाचे खवले.* ही तुकड्यांची नाही, दोऱ्याची नक्षी. काठ एकरंगी ठेवायचा आणि त्यावर अर्धगोलांच्या ओळी धावदोऱ्याने घालायच्या. ३ इंच व्यासाचा अर्धगोल घेतला तर ४८ मध्ये १६ आणि ७२ मध्ये २४ बसतात. दीड इंचावर एक ओळ, म्हणजे काठात ४ ओळी. दर दुसरी ओळ अर्ध्या खवल्याने सरकवायची. अर्धगोल आखायला स्वयंपाकघरातली वाटी उचलू नका. वाटी सव्वातीन इंचाची निघाली तर ४८ मध्ये चौदा खवले आणि वर एक तुटका राहतो. पुठ्ठ्याचा ३ इंचाचा गोल कापून तोच वापरा.

*साडीचा काठ.* दिसायला सोपा. तिरक्या सांध्यासाठी चारी बाजू मिळून मायेसह २९२ इंच, म्हणजे सुमारे साडेसात मीटर काठ लागतो. सहावारीचे दोन्ही काठ मिळून ११ मीटर होतात, त्यामुळे एक साडी पुरते. काठ चार-पाच इंचाचाच असेल तर त्याला लागून साडीचं थोडं अंग ठेवूनच कापा आणि ६ इंच भरून काढा. करवतकाठी असेल तर चारी बाजूंना दाते आत येतील असं लावा. राघू-मोर असतील तर चारी पट्ट्या एकाच बाजूच्या काठातून कापा, म्हणजे पक्षी गोधडीभोवती एकाच दिशेने फिरतील. अशा वेळी सहावारीचा एक काठ पुरत नाही, नऊवारी हवी.

जरीचा काठ मात्र रोजच्या गोधडीला लावू नका. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत जर काळवंडते, सुई आरपार ओढली की तिचे तार तुटतात, आणि तोंडाशी आलेली जर गालाला बोचते. आठवणीची साडी म्हणून लावायचीच असेल तर फक्त पायथ्याला लावा आणि धावदोरा जरीच्या कडेने न्या, जरीतून नको.

६. पट्ट्या कापा आणि जोडा

लांब पट्टी नेहमी उभ्या धाग्यात कापा, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर. आडव्या धाग्यातली पट्टी ओढली की लांबते, आणि कडा पापडासारख्या उठण्याचं अर्धं कारण तेच. उरलेलं अर्धं कारण मोजण्यात आहे. मधला भाग कडेने मोजू नका. हाताळताना कडा ताणल्या जातात. मध्यावरून मोजा आणि तेच माप खरं धरा. मध्यावर ७२ आणि कडेला ७३ भरलं तर पट्टी ७२ चीच (मायेसह ७३) कापायची आणि कडेचं जादा कापड टाचण्या लावून थोडं थोडं सामावून घ्यायचं. फरक दीड इंचाहून जास्त असेल तर आधी मधला भागच सरळ करावा लागेल.

जोडण्याचा क्रम:

१. दोन्ही ७२ इंची पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला जोडा.
२. ४८ इंची पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना कोपऱ्याचे चौकोन जोडा. आता त्या तयार ६० इंच भरतील.
३. या दोन पट्ट्या वर आणि खाली जोडा. टाचणी आधी चौकोनाच्या सांध्यावर लावा, मग मध्यावर, मग उरलेल्या जागी.

एवढं काम पायमशीनवर केलं तरी चालेल. माया गडद कापडाच्या बाजूला दुमडून दाबा, नाहीतर फिक्या कापडातून सावली दिसते.

७. थर अंथरा

अस्तर चारी बाजूंना २ इंच मोठं हवं, म्हणजे ६४ × ८८. सहावारी साडीतून ८८ इंचाचे दोन तुकडे काढा, लांब कडेने एकमेकांना जोडा आणि जादा रुंदी कापून टाका. पडवीत किंवा माजघरात जमीन कोरडी करून अस्तर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने जमिनीला धरा, त्यावर आतले दोन थर, वर जोडलेला भाग. पाच थरांच्या पुढे जाऊ नका. काठात चिऱ्यांच्या मायेचे थर आणखी वाढतात आणि सुई अडते.

मग कच्चा टाका. सुरुवात मध्यापासून, बाहेरच्या दिशेने, ५-६ इंचांवर एक ओळ. पुष्कळ घरांत धावदोरा बाहेरच्या कडेने सुरू करून फेऱ्या घालत आत नेतात. ती पद्धत चांगलीच आहे, पण कच्चा टाका नसेल तर प्रत्येक फेरी थोडं कापड आत ढकलते आणि शेवटी मध्यावर फुगा येतो.

काजूच्या दिवसांत एक पथ्य पाळा. बिया सोलून झाल्यावर गोधडीला हात लावू नका. त्या चिकाचा डाग कापडावर काळा पडतो आणि निघत नाही. फणसाचा चीकही तसाच चिवट.

८. धावदोरा

दोरा हातभर, साधारण २० इंच घ्या आणि मेणावरून ओढा. लांब दोरा गुंततो आणि शेवटच्या टोकाला पिंजतो. इंचात चार-पाच टाके, दोन ओळींत अर्धा इंच अंतर. ६ इंचाच्या काठात अशा १२ ओळी येतात. टाका अस्तरातून निघालाच पाहिजे. दर ओळीनंतर गोधडी उलटून बघा.

मधल्या भागात ओळी एक इंचावर आणि काठात पाव इंचावर असं करू नका. दाट शिवलेला भाग जास्त आकसतो. काठ आकसला की मधला भाग फुगतो, मधला आकसला की काठ झालरीसारखा लहरतो. दोन्हीकडे अंतर सारखं ठेवा.

९. कडा बंद करा

आता गोधडी पुन्हा मोजा. धावदोऱ्याने ती दोन-तीन टक्के आकसते. ६० ची साडेअठ्ठावन्न आणि ८४ ची ८२ भरली तर काळजी नको. कोपरे काटकोनात आहेत ना ते पाहून जादा अस्तर कापा. मग गोट किंवा कंगोरे, यांतल्या एकाने कडा बंद करा.

*गोट:* ३ इंच रुंदीची पट्टी, एकूण ३०० इंच. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून ८ पट्ट्या लागतात, म्हणजे २४ इंच कापड. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडा, सरळ जोडल्या तर जोडावर गाठ झाल्यासारखी जाडी येते. गोटाची सुरुवात कोपऱ्यात करू नका, बाजूच्या मध्यावर करा.

*कंगोरे:* ३ इंचाचा चौकोन दोनदा तिरका दुमडला की त्रिकोण होतो. अर्धा इंच मायेत गेल्यावर बाहेर २ इंच पाया आणि १ इंच उंची दिसते. दोन बाजूंना ३० आणि दोन बाजूंना ४२, मिळून १४४ कंगोरे. ४४ इंची पन्ह्यात एका ओळीत १४ चौकोन बसतात, म्हणून ११ ओळी, ३३ इंच कापड. एक मीटर घेतलं की पुरतं. आकसलेल्या मापाला बसवण्यासाठी कडेची घडी घालून निम्म्यावर खडूची खूण करा, दोन्ही भागांत निम्मे निम्मे कंगोरे टाचा आणि एकमेकांत किंचित जास्त सरकवा. एका टोकापासून लावत गेलात तर शेवटी जवळपास एक कंगोरा उरतो. कच्च्या कडा झाकायला मागून पट्टी लावून हाताने टाके घाला.

१०. पावसाळ्याचं पाहा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम चालू असेल तर टाचण्या गोधडीत रात्रभर ठेवू नका. साधी टाचणी दोन दिवसांत गंजते आणि तांबूस ठिपका सोडते. सुया-टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. अर्धवट गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते आधी काठावर दिसतात कारण तिथे थर जास्त असतात. सुती कापडात गुंडाळा, उंचावर ठेवा, उघाड मिळाली की वारं द्या.

तयार गोधडी पहिल्यांदा गार पाण्यात एकटीच धुवा. पिळू नका. एकाच काठाला धरून दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने तो काठ ओघळतो. दोन दोऱ्यांवर आडवी टाका आणि दुपारी उलटा. काठ वाळलाय की नाही हे कोपऱ्याचा चौकोन चिमटीत धरून बघा. सगळ्यात शेवटी वाळतो तो तोच.